वजनदार नवशिक्यासाठी वेकसर्फ बोर्ड : ५ फूट ९ इंचांच्या बोर्डाचा अनुभव

माझे वजन १०८ किलो आणि उंची ५ फूट ११ इंच आहे. वेकसर्फिंग शिकायला सुरुवात केली तेव्हा यातला वजनाचा आकडा मला कोणीही विचारला नाही. बोटीवर जो बोर्ड होता तोच माझ्या हाती दिला गेला. तो ४ फूट १० इंचांचा होता आणि त्यावर दोन दिवस धडपडल्यानंतर हा खेळ आपल्या शरीराला झेपणारा नाही, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. पुढच्या खेपेला ५ फूट ९ इंचांचा बोर्ड घेऊन गेलो आणि त्याच बोटीमागे, त्याच चालकाबरोबर, तिसऱ्या प्रयत्नात दोरी सोडून लाटेवर उभा राहिलो. मधल्या काळात मी कोणताही सराव केला नव्हता आणि वजनही घटवले नव्हते. बदलला होता तो फक्त बोर्ड. त्यामुळे या परीक्षणात त्या बोर्डाच्या गुणदोषांइतकाच भर मापाच्या प्रश्नावर आहे, कारण भारी शरीराचे कितीतरी लोक पहिल्याच दिवशी चुकीच्या मापाच्या बोर्डावर उभे केले जातात आणि दोष स्वतःकडे घेऊन परततात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेकसर्फिंगमध्ये बोट आपल्याला ओढत राहत नाही. सुरुवातीला सुमारे सहा मीटरच्या आखूड दोरीने उभे राहायचे असते आणि मग दोरी सोडून बोटीमागे उठणाऱ्या लाटेच्या उतारावर, केवळ त्या उताराच्या जोरावर, बोटीच्या वेगानेच पुढे सरकत राहायचे असते. पाय बोर्डाला बांधलेले नसतात. खेळाडू बोटीच्या इतका जवळ असतो, की पंखा बोटीच्या तळाखाली असलेली बोटच या खेळासाठी वापरतात. मागच्या टोकाला उघडा पंखा फिरणाऱ्या बोटीमागे हा खेळ कधीही खेळू नये. बोटीचा वेग साधारणपणे ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या दरम्यान ठेवला जातो. हा वेग लक्षात ठेवावा, कारण वजनदार माणसाची खरी अडचण याच आकड्यात दडलेली आहे.

लहान बोर्डावर माझे नेमके काय होत होते, ते आधी सांगतो. पाण्यातून उठणे जमत होते. दोरी ताणलेली असेपर्यंत बोर्ड खाली स्थिर राहत होता. पुढच्या पायावर वजन टाकले की बोर्ड वेग घेतो आणि दोरीला झोळ पडतो. तो झोळ टिकून राहिला, की दोरी सोडायची, असे मला शिकवले होते. माझ्या बाबतीत तो झोळ दिसायचा आणि क्षणभरात नाहीसा व्हायचा. दोरी पुन्हा ताठ झाली की मागचे टोक पाण्यात बसायचे, पुढचे टोक वर उठायचे, मागच्या पायाच्या घोट्यावर पाणी चढायचे आणि मी सावकाश, अगदी शब्दशः इंचाइंचाने, लाटेच्या मागे पडत जायचो. बोटीवरून सगळे ओरडून सांगत होते, “पुढच्या पायावर वजन टाका!” मी टाकत होतो. फार टाकले की पुढचे टोक पाण्यात घुसायचे आणि मी तोंडावर पडायचो. पुढे घुसणे आणि मागे बसणे या दोन टोकांच्या मध्ये ज्या जागेत तोल सापडायला हवा, ती जागा त्या बोर्डावर माझ्यासाठी जवळजवळ नव्हतीच.

याचे कारण समजून घेतले तर बोर्ड निवडताना सहसा चूक होत नाही. मोठा बोर्ड जास्त तरंगतो म्हणून तो जड माणसाला पेलतो, असा समज सर्रास दिसतो. तो अर्धाच खरा आहे. वेकसर्फ बोर्ड पातळ असतात. तीस लिटर आकारमानाचा बोर्ड पूर्ण बुडाला तरी तीसच किलो पाणी बाजूला सारतो आणि त्यातूनही बोर्डाचे स्वतःचे वजन वजा जाते. म्हणजे उभा असलेला ७० किलोचा माणूसही थांबलेल्या बोर्डावर बुडणारच. आपल्याला वर धरून ठेवतो तो बोर्डाच्या तळावर आदळणाऱ्या, वाहत्या पाण्याचा दाब. हा उचल देणारा जोर तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वेग, तळाचे क्षेत्रफळ आणि बोर्ड पाण्याशी किती कोन करून चालला आहे ती तिरप. माणूस जड आणि बोर्ड लहान असेल, तर वेग व क्षेत्रफळ ठरलेले असल्यामुळे उरलेली भरपाई तिरपेला करावी लागते; म्हणजे पुढचे टोक वर उठते. पण तिरप जितकी वाढते तितका बोर्ड पाण्याला जास्त अडतो. लाटेचा उतार आपल्याला वजनाच्या प्रमाणात पुढे ढकलत असतो हे खरे आहे, त्यामुळे जड माणसाला ढकलही जास्त मिळते. मात्र तिरपेमुळे अडथळा त्याहूनही वेगाने वाढला, की आपण मागे पडणार हे ठरलेले असते. घोट्यावर चढणारे ते पाणी याचीच खूण होती.

आता आकडेमोड पाहू. माझा पहिला बोर्ड ५८ इंच लांब आणि २० इंच रुंद होता. दुसरा ६९ इंच लांब आणि २२ इंच रुंद आहे. दोघांचा आकार ढोबळमानाने सारखा धरला, तर लांबीत १९ टक्के आणि रुंदीत १० टक्के वाढ मिळून तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते. हाच फायदा वेग वाढवून मिळवायचा म्हटले तर काय करावे लागेल? उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी १७ किलोमीटरवरून १८ वर गेल्याने सुमारे १२ टक्के वाढ मिळते आणि ३१ टक्क्यांसाठी बोट साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास न्यावी लागते. तेवढ्या वेगाला बहुतेक बोटींची लाट लांबट आणि बसकी होते, तिचा उतार कमी होतो, म्हणजे ज्या ढकलीसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे तीच हातची जाते. वेगात थोडी वाढ जड माणसासाठी उपयोगी पडते आणि ती करूनही पाहावी, परंतु मुख्य उपाय क्षेत्रफळ हाच आहे.

म्हणून निवड करताना उंची बाजूला ठेवून वजन पाहावे. उत्पादक प्रत्येक मापाबरोबर वजनाची मर्यादा छापतात आणि ती उपयोगी असते. मात्र ती वाचताना एक भान ठेवावे. वरच्या टोकाचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती वजनाचा माणूस त्या बोर्डावर चालू शकेल याचा अंदाज असतो, आणि तिथे टिकून राहण्यासाठी पायांचे जे बारीक कौशल्य लागते ते नवशिक्याकडे नसते. आपले वजन त्या पट्ट्याच्या मध्यावर किंवा त्याच्या खाली येईल असा बोर्ड नवशिक्याने घ्यावा. वजन दोन मापांच्या सीमेवर असेल तर मोठे माप घ्यावे. याला मला तरी अपवाद सापडलेला नाही. वजन मोजताना ओले कपडे आणि लाइफ जॅकेट यांचे दोन-तीन किलो धरायला विसरू नये. माझ्या अंदाजाने सर्फ पद्धतीच्या बोर्डात (बोर्डांच्या दोन पद्धतींबद्दल पुढे लिहिले आहे) ९० किलोच्या आसपासच्या नवशिक्याने ५ फूट ४ इंचांपासून पाहायला सुरुवात करावी आणि शंभरीच्या पुढे गेलेल्याने ५ फूट ८ ते ५ फूट १० इंचांकडे वळावे. या वरच्या मापाचे बोर्ड बाजारात कमी असतात, पण मुळीच नसतात असे नाही. हायपरलाईट कंपनीचा ५ फूट ९ इंचांचा लँडलॉक हा या वर्गातला अनेकांना माहीत असलेला बोर्ड आहे. माझा बोर्ड तो नाही. माझ्या बोर्डात एक दोष निघाला, त्याबद्दल पुढे लिहिले आहे, आणि त्यामुळे त्याच्या उत्पादकाचे नाव मी दिलेले नाही.

लांबीच्या आकड्यावर थांबणे ही दुसरी सामान्य चूक आहे. दोन बोर्ड एकाच लांबीचे असूनही जड माणसाला अगदी वेगळे वागवतात, कारण रुंदी कुठे आहे यावर बरेच ठरते. मागचे टोक निमुळते असेल तर आपले बरेचसे वजन जिथे येते तिथेच क्षेत्रफळ कमी पडते आणि बोर्ड मागे बसतो. चौकोनी किंवा माशाच्या शेपटीसारखे दुभागलेले, रुंद मागचे टोक आपल्या कामाचे आहे. पुढचे टोकही टोकदार असण्यापेक्षा बोथट आणि रुंद असले, तर तेवढ्याच लांबीत जास्त तळ मिळतो. बोर्ड बाजूने डोळ्यांच्या रेषेत धरून त्याचा बाक पाहावा. या बाकाला रॉकर म्हणतात. सपाट बोर्ड वेगवान असतो आणि लाटेची ढकल चांगली घेतो. फार बाक असलेला बोर्ड पाणी पुढे लोटत चालतो आणि जड माणसाला तो परवडत नाही. तरीही पुढच्या शेवटच्या वीतभर भागात थोडा वर उचललेला बाक हवाच, नाहीतर पुढचे टोक घुसण्याची भीती कायम राहते. कडा जाड आणि गोलसर असाव्यात. पातळ, धारदार कड वळताना छान पकडते, पण नवशिक्याचा तोल जरा बाजूला गेला की तीच कड पाण्यात रुतते.

माझ्या बोर्डात यातले बहुतेक सगळे आहे. मागचे टोक रुंद आणि दुभागलेले, पुढचे टोक बोथट, मधला भाग जवळजवळ सपाट. पहिला फरक पाण्यात बसल्याबसल्याच जाणवला. सुरुवात करताना आपण पाठीवर तरंगत असतो, बोर्ड समोर आडवा ठेवतो आणि टाचा त्याच्या जवळच्या कडेवर टेकवतो. बोट हळूच पुढे निघाली, की टाचांनी कड दाबायची म्हणजे बोर्ड उभा होऊन तळपायांना येऊन चिकटतो. ज्यांचे पोट मोठे आहे किंवा ज्यांचे गुडघे पूर्ण दुमडत नाहीत, त्यांना पुढे गुडघे छातीशी घेणे अवघड जाते आणि लहान बोर्डावर पाय हवे तिथे येत नाहीत. २२ इंचांच्या रुंदीवर पाय ठेवायला जागा मिळते, गुडघे थोडे कमी दुमडले तरी बोर्ड पायांखाली राहतो आणि उठताना पाय एखाद-दोन इंच चुकीच्या जागी पडला तरी सगळे संपत नाही. याची एक उलट बाजूही आहे. मोठा बोर्ड पाण्यावर जास्त उसळतो, त्यामुळे बोट निघण्याआधी तो टाचांखाली वाऱ्याने आणि लाटांनी फिरत राहतो व त्याला जागेवर धरून ठेवायला सुरुवातीला मला त्रास झाला. चालकाने दोरी हलकी ताणलेली ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

चालकाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जड माणूस उठत नाही म्हणून चालक बोट झटक्याने पळवतात आणि त्यामुळे सगळे बिघडते, कारण झटक्याने दोरीच्या टोकाची मूठ हातातून सुटते किंवा माणूस कमरेत वाकून पुढे पडतो. मोठ्या बोर्डाला तर त्या झटक्याची गरजच नसते. वेग सावकाश, पण न थांबता वाढत राहिला तर पाणीच बोर्डाला वर आणते आणि आपण फक्त हात सरळ ठेवून, हनुवटी वर ठेवून वाट पाहायची असते.

उभे राहिल्यावरचा फरक सांगायचा तर तो दोरीच्या झोळात दिसला. झोळ पडला आणि तसाच राहिला. मूठ छातीजवळ आली, दोरी पाण्याला टेकली, आणि माझ्या मागच्या घोट्यावर पाणी नव्हते. बोर्डाच्या मागून एक सारखा, खरखरीत आवाज येत होता, जो आधी कधी ऐकलेला नव्हता. लहान बोर्डावर तिथे नुसते खळबळणारे पाणी असायचे. मी मूठ बोटीकडे टाकली आणि पहिल्यांदाच लाटेकडे खाली पाहिले. पुढच्या पायाला जरा दाब दिला की बोर्ड बोटीकडे सरकायचा, मागच्या पायाला दिला की मंदावायचा, आणि या दोन्हींच्या मध्ये चूक करायला पुरेशी जागा होती. तोल शिकण्यासाठी आधी तोल चुकवता यावा लागतो, आणि लहान बोर्डावर पहिलीच चूक शेवटची ठरत होती.

फिनांबद्दल, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागच्या बाजूस लावलेल्या माशाच्या परासारख्या पात्यांबद्दल, माझे समाधान झाले आहे. बोर्डाला तीन फिन आहेत, बाजूचे दोन आणि मधला एक, आणि तिन्ही लावले की बोर्ड सरळ रेषेत चालतो, मागचा भाग घसरत नाही. हे सर्फ पद्धतीच्या बोर्डांचे वैशिष्ट्य आहे. दुसरी पद्धत स्किमची : पातळ बोर्ड, लहान फिन, गोल गिरक्या घ्यायला सोपा आणि पायांखालून सहज निसटणारा. वजनदार नवशिक्याने सुरुवातीला स्किम बोर्डाच्या वाटेला जाऊ नये, मग त्याची लांबी कितीही सांगितलेली असो, कारण लाटेची ढकल घेण्यात तो सर्फ पद्धतीच्या मागे असतो आणि आपल्याला कमी पडते ती नेमकी ढकलच.

तक्रार आहे ती पायाखालच्या फोमच्या पॅडबद्दल. मागच्या पॅडच्या शेवटी टाच अडकवण्यासाठी जो उंचवटा असतो, त्याच्या बाजूची कड सातव्या-आठव्या दिवशी सुटायला लागली आणि एका दुपारी पॅडचा तळहाताएवढा तुकडा उचकटून आला. जड माणसाच्या टाचेचा दाब तिथेच सर्वाधिक येतो. ज्या बोर्डाच्या माहितीत मोठ्या वजनाची मर्यादा छापलेली आहे त्याचे पॅड तेवढ्याच मजबुतीने चिकटवलेले असायला हवे होते. विक्रेत्याने बदलून द्यायला टाळाटाळ केली. शेवटी पृष्ठभाग पूर्ण कोरडा करून जुना गोंद खरवडून काढला आणि पॅड पुन्हा चिकटवले. ते अजून टिकून आहे. फिनांचे स्क्रूही दोनदा ढिले झाले, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी हात लावून पाहण्याची सवय लावून घेतली आहे.

बोर्ड कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न वजनदार माणसाने अवश्य विचारावा. साच्यात दाबून बनवलेले बोर्ड वजनाला जड असतात, पण मार खातात. हलक्या फोमच्या गाभ्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सीचे थर दिलेले बोर्ड पायाखाली जिवंत वाटतात, पण टाचेने दबून खळगे पडणे, बोटीच्या मागच्या फळीवर आपटून कड फुटणे हे त्यांच्या बाबतीत नित्याचे असते. माझा बोर्ड दुसऱ्या प्रकारचा आहे आणि मागच्या पायाखाली दोन उथळ खळगे आलेले आहेत. वरचा थर फुटलेला नसेल तोवर त्याने काही बिघडत नाही. फुटला तर मात्र बोर्ड लगेच पाण्याबाहेर काढावा आणि पूर्ण सुकवून दुरुस्त करावा, कारण आत शिरलेले पाणी सहज निघत नाही. पहिल्याच बोर्डासाठी पुन्हा निवड करायची असती, तर मी साच्यातला दणकट बोर्ड घेतला असता. शिकण्याच्या दिवसांत तो जितका आपटतो तितका पुढे कधीच आपटत नाही.

मग मोठा बोर्ड हवाच, तर आणखी मोठा का नको, असे कोणाला वाटेल. मी ६ फुटांहून लांब, समुद्रातला एक सर्फबोर्डही बोटीमागे वापरून पाहिला. वजन त्याने आरामात पेलले, पण बोटीमागची लाट समुद्रातल्या लाटेसारखी लांबरुंद नसते. तिचा कामाचा उतार आखूड असतो, त्यामुळे लांब बोर्डाचे पुढचे टोक उताराच्या तळाशी जाऊन टेकते आणि तो आडवा वळवायला गेले की वेळ लागतो. तेवढ्यात लाटेचा जोराचा भाग निसटून जातो. शिवाय लांब टोक बोटीच्या जवळ येते, ही गोष्ट मला सुरक्षित वाटली नाही. समुद्रातल्या बोर्डांचा फायबरग्लासचा थर पातळ असतो आणि फिनही पडल्यावर लागणारे असतात. १२० किलोंच्या पुढच्या माणसालाही मी आधी रुंद, जाडसर आणि सहा फुटांच्या आतला बोर्ड सुचवेन आणि मग लाट मोठी करण्याकडे पाहीन.

लाटेचा वाटा खरोखरच मोठा आहे. बोटीत पाण्याच्या टाक्या भरून वजन वाढवतात, त्याला बॅलास्ट म्हणतात, आणि सर्फिंगसाठी खास बनवलेल्या मोठ्या बोटी हजार किलोंहून अधिक बॅलास्ट घेतात. वजन जितके जास्त तितकी बोट खोल बसते आणि लाट उंच व जोरकस होते. अर्धवट भरलेल्या टाक्यांवर ६० किलोचा माणूस हसत खेळत चालेल. १०८ किलोच्या माणसाला तीच लाट पुरत नाही. बोट भाड्याने घेताना टाक्या पूर्ण भरायला स्पष्टपणे सांगावे. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी लाट बोटीच्या डाव्या बाजूला आणि उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी उजव्या बाजूला लावतात, म्हणजे तोंड लाटेकडे राहते. आपला कोणता पाय पुढे असतो, हे पहिल्या फेरीपूर्वीच सांगितलेले बरे.

लाइफ जॅकेट हा वेगळा विषय असला तरी मापाचीच अडचण तिथेही येते. सैल जॅकेट पाण्यात बसल्यावर हनुवटीपर्यंत वर सरकते आणि दोरी धरून गुडघे दुमडायला गेले की अडते. छातीचा घेर मोजून, अंगाबरोबर बसणारे, मान्यताप्राप्त जॅकेट घ्यावे आणि दुकानातच ते घालून जमिनीवर उकिडवे बसून पाहावे.

घरातल्या हलक्या माणसांनाही हा बोर्ड चालतो का, असे मला विचारले गेले आहे. माझी ५५ किलोची भाची त्याच बोर्डावर पहिल्या दिवशी उभी राहिली. तिला तो वळवायला जड जातो, गिरकीचा तर विचारच करता येत नाही, पण शिकण्यात काही अडचण आली नाही. उलट दिशेने मात्र हे होत नाही : तिच्या मापाचा बोर्ड माझ्या कामाचा नाही. एकाच बोर्डावर सगळ्यांनी शिकायचे असेल, तर तो सर्वांत जड माणसाच्या मापाने घ्यावा.

दोरीशिवाय सलग लाट धरता यायला लागल्यावर मी मधला फिन काढून पाहिला. बोर्ड लगेच मोकळा झाला, मागचा भाग थोडा घसरू लागला आणि लाटेवर चढून पुन्हा खाली उतरणारे पहिले वळण त्याच आठवड्यात जमले. ५ फूट ४ इंचांच्या एका रुंद बोर्डावरही आता मी चालू शकतो, पण टाक्या भरलेल्या असतील आणि लाट जोरात असेल तेव्हाच. दिवसाची पहिली फेरी, जेव्हा पाय अजून जागे व्हायचे असतात, ती मी आजही ५ फूट ९ इंचांच्या बोर्डावरच घेतो.